आन्सेल्म खाटीक आणि त्याचं विधवेचं काम

आमच्या साँ-लूमध्ये नाटकाची जाहिरात लावायची गरज पडत नसे. आन्सेल्मच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेलं आणि त्याच्या ओठावरची झुपकेदार मिशी गायब दिसली, की लोक समजायचे, आलं नाटक. मिशी मीच काढायचे. गावातलं केस कापायचं एकमेव दुकान माझं, त्यामुळे नाटकमंडळींची रंगभूषा, टोप, सगळं आपोआप माझ्याच गळ्यात.

नाटक एकच. दुसरीही करून पाहिली. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. शेवटी गाडी पुन्हा याच नाटकावर यायची. दोन पुरुषांचा संसार. दोघं वीस वर्षं गुण्यागोविंदाने राहतायत, आणि एकाची देवभोळी, श्रीमंत मावशी मुक्कामाला टपकते. मग दुसऱ्याला लपवायचं कसं? आधी त्याला स्वयंपाकी करतात, मग डॉक्टर, आणि तिसऱ्या अंकात घागरा नेसवून शेजारची विधवा. ही विधवा म्हणजे आन्सेल्म. पंजे फावड्याएवढे, मान बैलासारखी, पण स्टेजवर हातमोजे काढायला लागला की अख्ख्या हॉलचं हसून हसून पोट दुखायचं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असलं नाटक नको म्हणून आमच्या जुन्या पाद्रीबाबांनी पहिल्या वर्षी थयथयाट केला होता. पुढच्या वर्षी ते स्वतःच पहिल्या रांगेत डोळे पुसत बसले होते.

प्रॉम्प्टर होता ओनोरे. स्टेजच्या पुढच्या कडेला आमच्याकडे अजून ती जुनी खोपटी आहे. प्रॉम्प्टरने तिच्यात उतरून बसायचं. लोकांना तो दिसत नाही, नटांना पायाशी त्याचं डोकं दिसतं. ओनोरे पोस्टात होता. सडपातळ, टापटीप, कानावर कायम पेन्सिल. आन्सेल्मच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो भाडेकरू म्हणून राहायला आला, तेव्हा मी नवी नवरी होते. त्यानंतर मी आजी झाले, आणि गाव त्याला अजून भाडेकरूच म्हणत होतं. माझ्या खुर्चीत बसून बायका आपल्या नवऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगतात, पण या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक. लोक याला सभ्यपणा म्हणायचे. मला विचाराल तर तो भित्रेपणा होता, आणि त्यात मीही आलेच.

मग ओनोरेचं डोकं जायला लागलं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. एकदा आन्सेल्म माझ्याकडे आला, खुर्चीत बसला आणि केस न कापताच बोलायला लागला.

"सोलांज, सकाळी तो मला 'साहेब' म्हणाला. कॉफी दिली तर म्हणतो, 'आभारी आहे साहेब, तुमची ओळख नाही झाली.'"

मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले.

"पण नाटक पाठ आहे त्याला," तो म्हणाला. "माझं, बर्नादेतचं, गास्तोंचं, सगळ्यांचं. पुस्तक हातात दिलं की माणूस जागेवर येतो. त्या खोपटीतून मला हाक मारतो ना, तेव्हा नावाने मारतो. या हिवाळ्यात नाटक झालं पाहिजे, सोलांज. पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं?"

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात नाटक बंद करायचं घाटत होतं. मंडळाची सूत्रं माएलकडे आली होती. शाळेतली मास्तरीण, गावात नवी, मनाने चांगली, पण उतू जाणाऱ्या दुधासारखी. पहिल्याच बैठकीत म्हणाली, "हे नाटक आता शोभत नाही. अशा जोडप्यांना हसायचे दिवस गेले. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार केलाय कुणी?"

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मास्तरीणबाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं ना! ओनोरे आपला खिडकीतून बर्फ बघत होता.

आन्सेल्मच बोलला. "पोरी, लोक येतात ते माझ्या घागऱ्याला हसायला, हे खरं. पण तिसऱ्या अंकात मावशी दार ठोठावते, तेव्हा बघ त्यांच्याकडे. या दोघांची ताटातूट होऊ नये म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. हसता हसता आपण कुणाच्या बाजूला जाऊन बसलो, हे त्यांना कळतही नाही. भाषण देऊन बसवून दाखव बरं त्यांना तिथे."

"पण काका, तुम्हाला स्वतःला..." माएल बोलायला गेली आणि त्याचं तोंड बघून थांबली. हुशार मुलगी. तिने वर्षभरासाठी होकार दिला.

शनिवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. विंगेत आम्ही रिवाजाप्रमाणे एकमेकांना शिव्या घातल्या, कारण आमच्यात प्रयोगाआधी शुभेच्छा देणं अपशकुनी. मी ओनोरेला खोपटीत उतरवलं, मांडीवर शाल टाकली, हातात पुस्तक दिलं. नाटक सुरू होण्याचे ठोके पडले, पडदा वर गेला. ओनोरेचं बोट ओळींवरून सरकत होतं. एकदा गास्तों अडखळला, तर याने वाक्य असं पुरवलं की लोकांना पत्ता लागला नाही. आन्सेल्म विंगेत माझ्याजवळ उभा राहून खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "बघ, कसा बसलाय बघ." घागऱ्यातल्या त्या धिप्पाड माणसाचा चेहरा इतका सुखावला होता की मला बघवेना.

तिसरा अंक. गास्तों, म्हणजे नाटकातला घरधनी, पुढच्या टेबलाखाली लपलेला. ते टेबल खोपटीच्या अगदी लगत असतं. मावशी झालेली बर्नादेत त्याचे बूट बघते आणि विधवेला दरडावते, "बाई, या माणसाला ओळखता?" विधवा टेबलाखाली बोट दाखवून किंचाळते, "याला? जन्मात पाहिलं नाही!" नाटकातला सगळ्यात मोठा हशा इथे आहे. एरवी ओनोरे तेव्हा पान उलटत असतो. पण त्या दिवशी लोक इतके हसले, की त्याने मान वर केली. त्याला आन्सेल्म दिसला. आन्सेल्मचं बोट आपल्याकडे रोखलेलं दिसलं. आणि अख्खं गाव हसताना ऐकू आलं.

"आन्सेल्म," तो म्हणाला. प्रॉम्प्टरच्या कुजबुजीत नाही, घरातल्या आवाजात. "अरे, मी आहे. ओनोरे. मला ओळखलं नाहीस?"

नवीन विनोद घातला असं समजून लोक आणखी हसले. मग ओनोरेचा आवाज पुन्हा आला, या वेळी रडवेला. "मी काय केलं रे?" हशा विझत विझत मागच्या रांगेपर्यंत गेला आणि थांबला.

गास्तों टेबलाखालून कुजबुजला, "पुढचं घे, पुढचं घे!" एखाद्या विनोदाने वेळ मारून नेणं आन्सेल्मला काय अवघड होतं? आयुष्यभर तेच केलं होतं त्याने. पण तो गुडघ्यांवर बसला. गुडघे दुखतात त्याचे, टेबलाला धरून बसावं लागलं. त्याने खोपटीत हात घालून ओनोरेचा हात धरला.

"ओळखतो," तो म्हणाला. "तू माझा नवरा आहेस."

इतकी वर्षं स्टेजवर काढलेला आवाज तो. हळू बोलला तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेला.

ओनोरेने त्याच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. बोट ओळीवरून दोनदा फिरवलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे वाक्य यात नाहीये," तो म्हणाला.

"मग लिहून घे."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. लिहून झाल्यावर तो नेहमीसारखा कुजबुजला, "बर्नादेत, तुझं वाक्य."

बर्नादेत आमच्या चर्चची फुलं सजवते. रविवारची प्रार्थना चुकवताना मी तिला कधी पाहिलं नाही. तिच्या पावडरीवरून पाण्याचे ओघळ आले होते. पुस्तकात होतं तेच वाक्य तिने म्हटलं, "बरं, मग वाढा जेवायला. भूक लागलीय मला." आणि हॉल टाळ्या वाजवत असा काही उठला, की गास्तों घाबरून टेबलाखालून बाहेरच आला. मी विंगेत ढसाढसा रडले. लपवायचं कशाला?

रविवारी दुपारी दुसरा प्रयोग. आन्सेल्म रंगभूषेला माझ्यासमोर बसला.

"सकाळी पुन्हा 'साहेब'च होतो मी," तो म्हणाला. "कालचं काही आठवत नाही त्याला. आज काय करू गं? नेहमीसारखंच करतो. रोज रोज का तेच करायचं लोकांसमोर?"

"हलू नकोस, पेन्सिल डोळ्यात जाईल," मी खेकसले.

तिसरा अंक आला. गास्तों टेबलाखाली गेला. बर्नादेतने विचारलं, "बाई, या माणसाला ओळखता?" आन्सेल्मने बोट उचललं. "याला? जन्मात..."

"चूक!" खोपटीतून कुजबुज आली, पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल इतकी चिडलेली. "लक्ष कुठंय? 'ओळखतो. तू माझा नवरा आहेस.' इथे लिहिलंय स्वच्छ."

आन्सेल्मने ते वाक्य घेतलं, आणि म्हणताना त्याने टेबलाकडे पाहिलं नाही.