मामांच्या आलेखातला एक

खालच्या मजल्यावरची चोरी पेपरात वाचून कळणारे, पण सातासमुद्रापलीकडच्या एका टिकलीएवढ्या बेटावरच्या देशात कुठल्या वर्षी किती खून पडले ते घडाघडा सांगणारे असे साऱ्या पुण्यात एकच गृहस्थ होते, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, त्यांची एकुलती एक मुलगी मेधा त्या बेटावर शाळेत शिकवायला गेली, आणि मामांनी कॅलेंडरशेजारी तिथल्या खुनांचा आलेख टांगला. "लोक जावयाची पत्रिका बघतात, मी देशाची बघतो," म्हणायचे. ती रेघ बहुतेक जमिनीलगतच सरपटत असे. ज्या वर्षी शून्य, त्या वर्षी मामा बुधवार पेठेतून पेढे आणून अख्ख्या सोसायटीत वाटत. "काय, नातू झाला वाटतं?" असं कुणी विचारलं, तर "नाही, खून झाला नाही," एवढंच सांगून पुढच्या दाराची बेल वाजवत. विचारणारा पेढा हातात धरून तसाच उभा राही.

'दर लाखामागे' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अहो, लाख माणसं आहेत कुठे तिथे? दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला याहून जास्त उभी असतात. एक माणूस गेला की रेघ ताडकन वर जाते. रेघेला घाबरायचं नाही, आकडा बघायचा!" मेधाला परत बोलवा म्हणून मागे लागलेल्या मामींनाही ते हेच समजावत. मामी शांतपणे विचारत, "आणि तो एक कोण असेल, हे सांगतं का तुमचं शास्त्र?" यावर मामा चहा मागत.

एका सकाळी मामांनी कॉम्प्युटरवर बातमी वाचली. मेधाच्याच गावात खून झाला होता, नाव दिलेलं नव्हतं, आणि मेधाचा फोन लागत नव्हता. मामींनी मला बोलावून घेतलं. दुपारपर्यंत मामा फोन लावत होते, आणि आकड्यांवर एक अक्षर बोलले नाहीत. अखेर तिचाच फोन आला. "मी बरी आहे, बाबा. आमच्या शाळेतल्या बाईंचा मुलगा गेला." मामा "हुश्श!" म्हणून खुर्चीत बसले. मामींनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी मी निघालो तेव्हा मामा आलेखापुढे उभे होते. "आकडा तोच आहे," ते म्हणाले. "एक. सकाळी तो माझा असेल म्हणून जीव जात होता. दुपारी दुसऱ्याचा निघाला आणि मी हुश्श म्हणालो. त्या बाईंनी ऐकलं असतं तर?" नेहमी चेष्टा करणाऱ्या मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या वर्षीपासून सर्वपित्री अमावास्येला मामांकडे घरच्या पितरांशेजारी आणखी एक पान वाढलं जाऊ लागलं. गुरुजींनी गोत्र विचारलं. "ठाऊक नाही. काश्यप म्हणा." गुरुजींना त्या मुलाचं नाव उच्चारता येईना, तेव्हा नीट जमेपर्यंत मामांनी ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पेढे मात्र बंद झाले. पुढे शून्याचीही वर्षं आली, पण मामा नुसती रेघ ओढत.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. यंदाच्या सर्वपित्रीला मामींनी मामांचं पान वाढलं, त्याच्या शेजारी दुसरं वाढलं, आणि तेवढ्यात मेधाचा फोन आला. त्या बाई तिच्या शेजारीच होत्या. पुण्यातलं पान त्यांना मेधाने कधीच सांगितलं होतं. आज त्यांनी मुलाच्या फोटोजवळ मामांसाठी एक मेणबत्ती लावली होती, आणि मामांचं नाव नीट उच्चारता यावं म्हणून त्या मेधापाशी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. आम्हाला ते ऐकू येत होतं.

"बरोबर म्हणतायत, सांग त्यांना," मामी मेधाला म्हणाल्या. "आणि म्हणावं, इकडे दोघांची पानं शेजारी शेजारी वाढली आहेत."