कडेचे केस

पाळणाघरातली मुलं तिला शेपटामावशी म्हणत. शेपटा होताच तसा, कमरेखाली रुळणारा. बागेत जाताना रांगेतलं पहिलं पोर तो घट्ट धरून चाले, आणि जोरात ओढलं की मावशी लटकंच ओरडे. बाईला दुसरी कसलीच हौस नव्हती. म्हणून भांगाजवळ नाण्याएवढं गुळगुळीत टक्कल हाताला लागलं, तेव्हा तिनं थेट डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि ते म्हणाले, "जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा काढू आणि तपासू. टकलाच्या कडेचा, जिथे केस आहेत तिथला."

"केस आहेत तिथला?" सोबत आलेली नणंद फिसकन हसली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

मावशीही हसली, पण हट्टाला पेटली. टक्कल आहे तिथलं हवं तेवढं कापा, माझ्या एका केसाला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, शेवटी हात टेकले आणि मधला तुकडा घेतला. रिपोर्टात येणार काय? नुसता व्रण. मुळं मेलेली, पण कशानं मेली ते कळायला मार्ग नाही. "कडेचा घ्यावाच लागेल," डॉक्टर म्हणाले. मावशी त्या दारात पुन्हा फिरकली नाही. घरी तेल चोळत बसली. टक्कल तळहाताएवढं झालं, तेव्हा नणंदेनंच तिला ओढत नेलं. या वेळी तिनं डोळे मिटून कडेचा तुकडा दिला.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, "मावशी, आजार आता टकलात नाहीच. तिथलं खाऊन तो कधीच उठलाय. हे जे चांगले दिसणारे केस आहेत ना, त्यांच्या मुळाशी बसलाय. गोळ्यांनी बहुतेक थोपवता येईल. गेलेले मात्र परत येणार नाहीत."

ज्या केसांना मावशीनं जिवापाड जपलं, त्यांच्यातच चोर!

"पहिल्यांदाच कडेचा दिला असता तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "तर एवढं गेलं नसतं."

मावशीनं स्वतःच पिना काढल्या, केस मोकळे सोडले आणि डोकं डॉक्टरांपुढे वाकवलं.

"अजून कुठे बसलाय बघा," ती म्हणाली. "पाहिजे तिथलं कापा."