दाराबाहेरची एक चप्पल

दादरच्या त्या मुलांच्या मानसोपचार क्लिनिकमधल्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. तेव्हा सहा वर्षांची असलेली माझी लेक मला क्षणभर सोडायची नाही, म्हणून तिथे जायचो. ती खेळात रमली की मी हळूच सटकायला बघायची. मावशी पदर खोचून जिन्यात आडव्या यायच्या.

"पळता काय? पोरीला सांगून जा. आणि एक चप्पल इथे दारातच काढा."

मग लेकीला म्हणायच्या, "एका चपलेवर आई लांब कशी जाईल गं?"

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी खालच्या पायरीवर आधी पाच मिनिटं बसायची, मग वीस. पुढे लेक चपलेकडे बघेनाशी झाली.

काल ती कॉलेजसाठी पुण्याला होस्टेलवर गेली. तिच्या जुन्या चपला आवरायला घेतल्या, आणि एक दारातच ठेवली.