भुलाबाईची गाणी आणि माझी पेटी

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीला आईच्या आवाजातली भुलाबाईची, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या भोंडल्याची, गाणी हवी होती. तिची आई म्हणजे माझी अकोल्याची थोरली बहीण. "मामा, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना, करून द्या," भाची म्हणाली. मी अमरावतीत स्वतःला ध्वनिमुद्रक समजत होतो. तसं समजणारा मी एकटाच होतो.

ताई आली. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तिच्या कानाला हेडफोन चढवले. एक ओळ गाऊन ती थांबली.

"काहून रे, माहा आवाज माह्याच मागून काहून येऊन राहिला?"

"कॉम्प्युटरला पोचायला वेळ लागतो, ताई."

"मंग त्याले आधी पोचू दे, मी नंतर गाते."

मी सेटिंग बदलत बसलो. आवाज वेळेवर येऊ लागला तर कडकड ऐकू यायला लागली. कडकड घालवली तर कॉम्प्युटरच बंद पडला. ताईचा पदर घामानं भिजला होता. तिनं हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले. "तू यंत्रच वाजवत बस बापा. मी जाते भाजी चिरायले." संध्याकाळच्या गाडीनं ती अकोल्याला परतली.

दोष अर्थातच कॉम्प्युटरचा, असं मी ठरवलं. मग टेबलावर ठेवायचं, नुसत्या रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. डब्याएवढं यंत्र, कॉम्प्युटरची गरजच नाही, माइक जोडा, लाल बटण दाबा आणि गा. ते आणि माझी पेटी घेऊन मी अकोला गाठलं. खरं म्हणजे भुलाबाईच्या गाण्याला पेटी लागत नाही, टाळ्या पुरतात. पण मला वाजवायची होती.

ताईनं शेजारच्या दोन मैत्रिणी बोलावल्या. मी ऐटीत लाल बटण दाबलं, दिवा लुकलुकला, आणि तिघी अशा रंगल्या की एकामागून एक गाणी होत गेली. शेवटच्या गाण्यावर भाऊजीसुद्धा पेपर बाजूला ठेवून टाळ्या वाजवायला लागले. मी ऐकवायला गेलो. यंत्रात काहीच नव्हतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्र नुसतं तयार आहे. रेकॉर्ड व्हायला तेच बटण पुन्हा दाबायचं असतं.

मला सांगायची लाज वाटत होती. ताईनं माझं तोंड बघूनच ओळखलं.

"नाही झालं ना?"

"नाही."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, आमाले गायाले बहानाच पाह्यजे." चहा झाला आणि सगळी गाणी पुन्हा झाली. ह्या वेळी बटण भाऊजींनी दाबलं, दोनदा.

भाचीचा फोन आला तेव्हा ती आधी बराच वेळ आईबद्दलच बोलत होती. आवाज ऐकून रडू आलं म्हणाली. मग जरा अडखळत तिनं विचारलं, "मामा, ती पेटी काढता येईल का?"

सगळे एकाच खोलीत बसलो होतो. ताईच्या माइकमध्ये माझी पेटी शिरली होती, चुकलेल्या सुरांसकट. ती आता कुठल्याच यंत्रानं नीट निघणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बघतो," मी म्हणालो. अजून बघतोच आहे. भाची पेटीसकट ऐकते.