चारडोके सरांचा आठवा कोअर

चारडोके सरांना रांग बघवायची नाही. म्हणजे ते रांग मोडून पुढे घुसायचे असं नव्हे. ते एका रांगेच्या दोन रांगा करायचे. लातूरच्या एसटी स्टँडवर पासाच्या खिडकीपुढे पोरं ताटकळलेली दिसली की हे थेट आत जाऊन साहेबांना विचारायचे, "ती बाजूची खिडकी कामून बंद हाय? तिथं बी माणूस बसवा की." लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायची तर मला धास्तीच वाटायची. वाढपी वरणाची बादली घेऊन एका टोकाकडून निघाला की सर भरल्या पानावरून उठायचे, दुसरी बादली भरून घ्यायचे आणि उलट्या टोकाकडून वाढत यायचे. यजमान बिचारा "सर, तुम्ही बसा हो" म्हणत मागे धावायचा. "बसतो की. पर ते शेवटचं म्हातारं कवापासून कोरडा भात चिवडून राहिलंय, ते दिसंना का तुमाला?" दोन्ही बादल्या मध्यावर भेटल्या की मगच सर आपल्या गार झालेल्या पानावर येऊन बसायचे.

चारडोके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव पडलं आमच्या क्लासमध्ये. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीतून क्लास उगवत होते. डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेली पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि ज्याच्या घरात एक खोली जास्तीची तो वसतिगृहाचा मालक व्हायचा. अण्णांचा क्लासही असाच पत्र्याच्या शेडमधून तीन मजल्यांवर चढलेला. मी नायगावहून आलेली, तिथं प्रश्नपत्रिका जुळवायचे. सर संगणक विभागाचे प्रमुख. कुणी विचारलंच तर सांगायचे, "विभाग म्हंजे मी, ह्या ताई आन् एक पंखा. त्यातला पंखा बंद हाय."

माझ्या जुन्या मशीनची तऱ्हा अशी होती, की प्रिंट सोडली की ते हातचं गेलं. मी हात बांधून बसायचे आणि ते कण्हत पानं काढायचं. एक दिवस सरांनी माझ्या टेबलावर नवं वर्कस्टेशन आणून ठेवलं. एकीकडे रसायनाचा पेपर छापला जातोय, दुसरीकडे जीवशास्त्राच्या आकृत्या तयार होताहेत आणि मी मधल्या मधे भौतिकची गणितं टाईप करतेय, तरी ते हूं की चूं करेना. मी खरोखर खुर्ची मागे सारून उठले. सरांनी खिशातून अंगठीची मखमली डबी काढली. आत कापसावर एक निकामी प्रोसेसर होता, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. तो त्यांनी माझ्या तळहातावर प्रसाद ठेवावा तसा ठेवला.

"ताई, ह्याच्यात चार डोकी हायेत. कोअर म्हंत्यात. आधी एकच असायचा आन् त्यालाच पळवायचे. पळव, अजून पळव. पळवून पळवून तो असा तापाया लागला, की पुढं पळवायची सोय न्हाई ऱ्हायली. मग शहाण्या लोकांनी काय केलं? एका पळणाऱ्याच्या जागी चार चालणारे बसवले. निवांत चाला, पर चौघं मिळून चाला."

मला त्यातलं सगळं कळलं असं नाही, पण हातातल्या त्या चकतीकडे बघून अंगावर काटा आला हे मात्र खरं. ती डबी सर सगळ्यांना दाखवायचे. शिपायाला, पालकांना, चहावाल्याला. 'चार डोकी' हे शब्द इतक्यांदा तोंडातून निघाले की पोरांनी चारडोके नाव ठेवलं आणि गावाकडून आलेले पालक भक्तिभावाने विचारू लागले, "चारडोके सर कुठं बसतेत?" सरांनी ते नाव सरळ स्वीकारलं. स्वतःला कमी लेखणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वर्गात एकदा एका पोरानं मुद्दाम डिवचलं, "सर, मग रावणाला तर दहा होती." सर म्हणाले, "व्हती ना. पर धाच्या धा एकाच गोष्टीचा इचार करून राहिली, म्हनून तर बुडाला. डोकी असून भागत न्हाई बाबा, कामं वाटून द्यावी लागतेत." यावर मी इतकी हसले की वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली.

पगार चांगला असूनही सर गावाबाहेर पत्र्याच्या घरात राहायचे. आई आणि ते. लग्न केलं नाही. उन्हाळ्यात ते घर तव्यासारखं तापायचं, पण डोक्यावर स्लॅब नको म्हणजे नको. सर्व्हरच्या खोलीतसुद्धा कपाटावर स्टीलचे दोन पेले एकावर एक उपडे घातलेले असायचे. ते किणकिणले की बाहेर पळायचं, ही आम्हाला पहिल्या दिवशीची शिकवण. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे भूकंपाचं कुणी कुणाला विचारत नाही. ज्याला सांगायचं तो सांगतो.

अण्णांच्या क्लासची दरवर्षी एक परीक्षा व्हायची. वेगवेगळ्या तालुक्यांत केंद्रं, गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिका, आणि वर येतील त्यांना शिकणं, राहणं, जेवणं सगळं फुकट. नियम मात्र कडक. निकालाच्या दिवशीच पालकांनी येऊन सही करायची, नाहीतर जागा पुढच्याला. उत्तरपत्रिका स्कॅन करून मशीनमध्ये घालायच्या आणि जुनं मशीन त्या एकामागून एक वाचायचं. आधी लातूर शहर, मग बाकीचे, आणि लांबच्या गावांचे गठ्ठे सगळ्यांत खाली. शहरातली पोरं दुपारीच पेढे वाटायची आणि देवणी-मुखेडची माणसं शेवटच्या गाडीकडे बघत पायऱ्यांवर बसलेली असायची.

एका वर्षी देवणीचे एक सायकलवाले चाचा मोठ्या मुलीला घेऊन आले होते. शेवटच्या एसटीची वेळ झाली तरी निकाल नाही, म्हणून बापलेक निघून गेले. अंधार पडल्यावर यादी लागली तर पोरीचं नाव त्यात. घरी फोन नव्हता. जागा नियमाप्रमाणे पुढच्याला गेली. सर त्यानंतर बरेच दिवस अण्णांशी बोलले नाहीत. मग एकदम जाऊन म्हणाले, "मला सर्व्हर पायजे. आठ कोअरचा." अण्णांनी कुरकुर करत का होईना, तो घेतला. सरांनी उन्हाळाभर बसून निकालाचा सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला, कारण नुसतं मशीन बदलून काही होत नाही. जुना प्रोग्राम आठातल्या एकालाच राबवायचा आणि सात नुसते बघत बसायचे.

पुढच्या वर्षीच्या निकालाचा दिवस उजाडला. सायकलवाले चाचा पुन्हा पायरीवर, या वेळी धाकट्या नाझियाला घेऊन. आणि नेमका देवणीचाच गठ्ठा आलेला नव्हता. आणणारी जीप वाटेत बंद पडली होती. आलेल्या गठ्ठ्यांचे सरांनी सात वाटे केले आणि सात कोअरना देऊन टाकले. अण्णा पाठीशी उभे. "आणि आठवा?"

"आठवा मोकळा राहील."

"सर, पैसे आठांचे मोजलेत मी!"

"मोजा की. आठवा मोकळाच राहील."

त्याआधी अण्णांच्या आईंनी, म्हणजे आमच्या थोरल्या आईंनी, नव्या मशीनची साग्रसंगीत पूजा केली होती. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती आणि शेवंतीचा हा जाडजूड हार. संध्याकाळपर्यंत हार हलवायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. दुपार झाली आणि मशीन रडायला लागलं. अर्धासुद्धा निकाल झाला नव्हता. अण्णांचा पारा चढला. "सर, ह्यापेक्षा जुनं डबडं बरं होतं. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर हे मशीनही परत आणि तुम्हीही घरी!"

झोपलेल्या लेकराच्या नाकापुढे आई हात धरते तसा सरांनी सर्व्हरच्या तोंडापुढच्या जाळीशी तळहात धरला. वारा आत ओढल्याची काहीच खूण नाही. शेवंती जाळीला गच्च चिकटून बसली होती.

"तापलाय ह्यो. तापला की आपन होऊन चाल कमी करतो, जळून मरत न्हाई. शहाणा हाय." मग ते थोरल्या आईंकडे वळून हात जोडून म्हणाले, "आई, देवाला हार गळ्यात घालतेत. नाकावर न्हाई."

म्हातारी क्षणभर बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिनंच हार काढला आणि म्हणाली, "मग आता उतरलेला हार ठिवू कुठं? घे, तुझ्याच गळ्यात घाल." मशीनचे पंखे एकदम असे घुमायला लागले की पेले किणकिणतात की काय वाटलं. पडद्यावर सात पट्ट्या सरासर पुढे सरकू लागल्या. कुणी कुणाच्या मागे नाही, सगळे बरोबरीनं. मी आयुष्यात देवळं पुष्कळ पाहिली, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या खोलीत.

तेवढ्यात देवणीचा गठ्ठा आला. साती कोअर कामात बुडालेले. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हे कधी व्हायचं?" सर गळ्यात शेवंतीचा हार तसाच घेऊन स्कॅनरपाशी बसले, गठ्ठा आत घातला आणि आठव्याला दिला. भरल्या गाडीत माणसं कोंबता येतात, पण मग सगळीच गाडी हळू होते. इथं एक अख्खी गाडी रिकामी उभी होती. शेवटची एसटी सुटायच्या बऱ्याच आधी सगळ्या गावांचा निकाल एकदम लागला. नाझियाचं नाव वरच्या जागांत होतं. चाचांनी सही केली आणि सरांचा हात धरला. "सर, लई मेहरबानी. मोठीला सांगतो घरी जाऊन, तुझी हुकलेली सीट बहिणीनं आणली बघ."

सर काहीतरी पुटपुटले आणि आत निघून गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकत बसले होते.

"सर, आता तरी सांगा. आठवा मोकळा का ठेवला होता? गठ्ठा उशिरा येणार हे तुम्हाला सकाळी ठाऊक होतं म्हणून?"

"न्हाई ताई. गठ्ठा येळेवर आला असता तरी मोकळाच ठिवला असता." त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "दोन आवाज व्हते. गणपती बुडवून आलो आन् मी अंगणात झोपलो. आई आन् धाकटा भाऊ बाळू आत, माळवदाखाली. घर बसलं ते दोन बाजूंनी. हिकडून आई, तिकडून बाळू. अन् वर मी एकटा. दगड उपसाया हात दोनच. बाळूच म्हनला, 'दादा, आईला काढ आधी. मी दम धरतो.' आईला काढलं. आई निघाली. तवर हाका मारत व्हता तो... त्यानं दम धरला ताई. मलाच लई येळ लागला." हारातली एक शेवंती त्यांनी तोडून पेल्याशेजारी ठेवली. "एक हात मोकळा पायजे व्हता. कुनाचा बी. बास."

मला रडू आवरेना. पंगतीतली ती दुसरी बादली, स्टँडवरची दुसरी खिडकी, सगळं एकाएकी डोळ्यांपुढे आलं. एवढं दुःख घेऊन माणूस कडवट झाला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ह्या माणसानं त्यातून जगाची रांग मोडायला घेतली होती. त्या दिवसानंतर मला त्यांची थट्टा करणं कधी नीटसं जमलं नाही.

पुढे मी लग्न होऊन नांदेडला गेले. सर त्याच पत्र्याच्या घरात, हृदयाच्या झटक्यानं गेले. निरोप मिळाला तो तेराव्याचा. पोचले तेव्हा मांडवात पंगत बसली होती. अगदी शेवटच्या टोकाला सरांची आई, पाठीचं धनुष्य झालेली. वाढपी पहिल्या टोकाकडून बादली घेऊन निघाला. शेवटाकडे कोण वाढणार आता, असं मनात आलं आणि मी पदर खोचला.

पण उलट्या टोकाकडून आधीच कुणीतरी वाढत येत होतं. अण्णा. सुटलेलं पोट सावरत, पँटच्या घड्या वर करून, वरणाची बादली घेऊन. दोन्ही बादल्या मध्यावर भेटल्या. मांडवाच्या खांबाला टेकून आणखी एक वाढपी रिकाम्या हातानं उभा होता. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही का थांबलात? भाजी घ्या की."

अण्णांनी मान वर केली. डोळे लाल झालेले. "ऱ्हाऊ दे ताई," ते म्हणाले. "त्याला मोकळा ठेवलाय."

एवढ्यात शेवटच्या टोकाहून सरांच्या आईनं क्षीण आवाजात हाक दिली, "पाणी आन गं कुनीतरी." खांबापाशी उभा असलेला तो मोकळा वाढपी तांब्या घेऊन निघालासुद्धा; दुसरी हाक मारायची वेळ तिच्यावर आली नाही.