रिपोर्टात न बसलेली बाग

कारकुनाच्या डोक्यात एवढे किस्से का साठतात, याचं उत्तर माझ्यापुरतं सोपं आहे. जे घडतं त्यातलं निम्मंच रिपोर्टात लिहिता येतं. उरलेलं निम्मं ठेवायला ऑफिसात कपाट नसतं. मग ते डोक्यात जातं आणि तिथून कोणी काढून टाकत नाही.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी सोलापुरात एका सार्वजनिक बागेच्या ऑफिसात होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या. मोठ्या खुर्चीत टिपणीस साहेब. पुण्यात शेतकी शिकून आलेले. माणूस सज्जन आणि अभ्यासू. अडचण एवढीच, की पुस्तक पुण्याचं होतं आणि बाग सोलापुरात होती!

हेडमाळी मल्लप्पा अक्कलकोटकडचा. घरी कानडी बोलायचा, बागेत मराठी, आणि त्या मराठीच्या शेवटी कानडी आदराचा एक 'री' लावायचा. अक्षरओळख नव्हती. झाडांची मात्र सगळी होती.

*

साहेबांनी आल्या आल्या पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या. प्रत्येक झाडावर त्याचं लॅटिन नाव ठोकायचं, असा हुकूम निघाला.

मल्लप्पा पाट्यांचा ढीग घेऊन माझ्याकडे आला. "ह्याच्यावर काय लिहिलंय री?"

"झाडाचं नाव."

"कुठल्या भाषेत?"

"लॅटिन."

"ती भाषा कोण बोलतंय?"

"आता कोणीच नाही."

मल्लप्पाने कडुनिंबाची पाटी उलटसुलट करून पाहिली. "बोलणारं कोण नाही, आणि झाडाला तर ऐकू येत नाही. मग खिळा कुणासाठी मारायचा री?"

शेवटी त्याने पाट्या सुतळीने सैल बांधल्या. पुढे वारा आला की त्या गर्रकन फिरायच्या आणि कोरी बाजू लोकांकडे यायची.

*

वेळापत्रकाचंही तसंच. पुस्तकात लिहिलं होतं, रोपं मृगात लावावीत. साहेबांनी जूनच्या पहिल्या सरीला दोनशे खड्डे तयार ठेवले.

मल्लप्पा म्हणाला, "हा पाऊस फसवतंय री. आपला पाऊस हस्ताचा. तोवर रोपं सावलीत राहू द्या."

साहेब म्हणाले, "मल्लप्पा, हे शास्त्र आहे."

निम्मी रोपं लागली. उरलेली शंभर 'खत संपलं' म्हणून मल्लप्पाच्या झोपडीमागे कुंड्यांत राहिली. पुढे दीड महिना आभाळात ढग यायचे, बाग बघायचे आणि निघून जायचे. लावलेली सगळी रोपं करपली. भाद्रपद सरता सरता पाऊस धरला. मल्लप्पाने कोणाला न विचारता आपली शंभर रोपं त्याच खड्ड्यांत लावली. ती सगळी जगली!

साहेबांनी मला रिपोर्ट सांगितला, 'लागवडीचा दुसरा टप्पा योजनेप्रमाणे यशस्वी.' तो मी मल्लप्पाला वाचून दाखवला.

त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "पहिला टप्पा कुठं गेला म्हणून लिहिलंय री?"

*

ऑफिसात एकदा पुरुषभर लांबीची धामण निघाली. साहेब खुर्चीवर चढले, मी टेबलावर. पखालीने पाणी घालणारे हुसेनचाचा धावत आले आणि तिच्या शेपटीपाशी निवांत उकिडवे बसले.

"मारो नक्को सायब! चूहे खाती ना वो!"

साहेब वरून ओरडले, "आधी सांगा, विषारी आहे का?"

हुसेनचाचांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "विषारी रहती तो मैं हितं बैठता क्या? तुमारे टेबल पे नई आता?"

*

बागेला कुंपण म्हणून साहेबांनी दोनदा परगावाहून बी मागवलं. दोन्ही वेळा रोपं वीतभर झाली आणि शेळ्यांनी साफ केली. शेळ्या होत्या बिरू धनगराच्या. तो मोहोळकडचा. उन्हाळ्यात कळप घेऊन बागेच्या मागच्या माळावर उतरायचा. साहेबांनी त्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

बिरू घोंगडी सावरत शांतपणे म्हणाला, "तुमी तिला आवडतंय त्येच लावताय की! ती खानार न्हाय तर काय करंल?"

"मग काय लावायचं?"

"मला कशाला इचारता? तिलाच इचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूने एक म्हातारी शेळी माळावरून चालवली. मागून साहेब, त्यांच्या मागून वही घेऊन मी. शेळी एकेका झुडपाला तोंड लावत चालली होती. तरवडाजवळ आली, हुंगलं, मान फिरवली आणि पुढे गेली.

"लिवा," बिरू म्हणाला.

मी लिहिलं. तरवडाचं कुंपण लागलं. पहिल्याच वर्षी पिवळ्या फुलांनी भरलं आणि कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. दप्तरात नोंद आहे, 'कुंपणासाठी रोपाची निवड स्थानिक तज्ज्ञांच्या सल्ल्याने.' साहेबांनी सही करताना वर पाहिलं नाही.

*

माझी बायको सुमती रत्नागिरीकडची. सोलापूरचा उन्हाळा पाहून पहिल्या वर्षी तिने दोन दिवसांत माहेर गाठलं. मग माहेरून फणसाचं रोप डब्यात घालून आगगाडीतून घेऊन आली आणि मागच्या दारी लावलं. शेजारीपाजारी हसले. मल्लप्पा हसला नाही. त्याने खड्ड्यात गाळाची माती घातली, वर तुराट्यांचा मांडव केला आणि सांगितलं, "बाईसाहेब, पाणी बेतानं घाला."

सुमती येता-जाता तांब्या ओतायची. पानं पिवळी पडली. वैशाखात ती महिनाभर माहेरी गेली. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. ते मी विसरलो.

ती परत आली तेव्हा रोपाला नवा कोंब फुटलेला! तिला एवढा आनंद झाला की त्या दिवशी तिने दोन बादल्या घातल्या. पंधरा दिवसांत रोप गेलं.

मल्लप्पाने ते उपटून मुळं हुंगली. "कुजलंय री. बाईसाहेब, झाडाला तहान लागू द्यायची. तहानच लागली नाही तर मूळ खाली कशाला जाईल?"

सुमतीने रिकामी बादली उचलून आत नेली. आठवड्याने मल्लप्पा लिंबाचं रोप घेऊन आला आणि तिच्याकडून वचन घेतलं, की पाणी फक्त बाजाराच्या दिवशी.

तिने वचन पाळलं. पण दर दोन दिवसांनी मला विचारायची, "अहो, इथे बाजार आठवड्यातून एकदाच का हो भरतो?"

*

बागेत बँडस्टँड बांधायचा ठराव झाला. मोजणी केली तर बरोबर मध्यभागी एक जुनी चिंच. साहेबांनी मल्लप्पाला ती पाडायला सांगितलं.

"पाडतो की री. पण वर आग्या मोहोळ आहे. आता हात लावला तर आपण सगळे हौदात."

थांबलो. मोहोळ उठून गेलं.

"आता?"

"आता पोपटाची पिल्लं आहेत री ढोलीत. उडू द्या."

पिल्लं उडाली. मग खारी आल्या. मग चिंचेला फूल आलं. मग चिंचा धरल्या आणि गिरणीतल्या बायका मधल्या सुट्टीत वेचायला येऊ लागल्या. असं वर्ष गेलं. वरून स्मरणपत्र आलं. साहेब चिडले, मल्लप्पाला चिंचेखाली उभं केलं आणि म्हणाले, "आज खरं सांग. आता कोण राहतंय इथे?"

मल्लप्पाने झाडाकडे पाहिलं, मग बुंध्याजवळच्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आता तुम्हीच री. उन्हाळा लागल्यापासून दुपारी ऑफिस इथंच असतंय."

बँडस्टँड पलीकडच्या अंगाला झाला. साहेबांनी त्याचं कारण 'जमीन भुसभुशीत' असं लिहिलं.

*

एका वर्षी श्रावण संपता संपता पुण्याहून एक गोरे पाहुणे आले. त्यांना माळढोक मारायचा होता. साहेबांनी माहीतगार म्हणून बिरूचं नाव दिलं आणि दुभाष्या म्हणून मला पाठवलं.

पाहुणे मोटारीने पुढे गेले. मी आणि बिरू टांग्यातून मागे. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. वाटेत मी विचारलं, "एवढा मोठा पक्षी घरटं कुठे करतो रे?"

"घरटं कुटलं? मादी एकच अंडं घालती. तेबी उगड्या भुईवर. काटकी न्हाय का काय न्हाय."

माळावर पोचल्यावर बिरू पुढे निघाला. मागे बंदूक घेऊन पाहुणे, त्यांची दोन माणसं आणि मी. तासभर चाललो. काही दिसलं नाही. आणि एकाएकी बिरू थांबला. काठी रोवली आणि पाय फाकवून उभा राहिला.

पाहुणे इंग्रजीत म्हणाले, "हा का थांबला?"

मी विचारलं. बिरू म्हणाला, "पायात काटा मोडलाय."

"मग काढ."

"खाली बसाय येत न्हाय."

पाहुणे वैतागले. "पक्षी कुठल्या बाजूला आहेत एवढं तरी विचारा!"

बिरूने हनुवटीने उत्तरेकडे दाखवलं. "तिकडं. लई लांब. हिकडनं जाऊ नगा, सडकंच्या अंगानं जावा."

आम्ही गेलो. दुपार टळेपर्यंत फिरलो. दोन तितर आणि एक ससा सोडला तर काही हाती आलं नाही. पाहुण्यांनी मला बरंच काही ऐकवलं, ते बिरूला सांग म्हणाले आणि मोटारीत बसून निघून गेले.

मी पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन परत आलो. बिरू त्याच जागी उभा होता. पाय तसेच. ऊन चांगलंच होतं. घोंगडी त्याने काठीवर पसरून धरली होती, पण सावली डोक्यावर नव्हती, दोन पायांच्या मधोमध भुईवर होती.

"गेलं का?" त्याने विचारलं.

"गेले."

"मोटार?"

"मोटारही गेली."

तो उभ्यानेच घटाघटा पाणी प्यायला. मी म्हणालो, "चल आता. टांगा थांबलाय."

तो हलला नाही. "तुमी व्हा फुडं."

"अरे, सकाळपासून उभा आहेस. चल की!"

बिरूने लांब उंचवट्याकडे मान केली. गवतातून माळढोक मादीची उंच मान वर आलेली होती. हलत नव्हती. आमच्याकडेच बघत होती.

"जावा, कारकूनसायब," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला माजी वळख हाय. तुमची न्हाय."