हरायचं, पण सहा गोलांनी नाही

सूरज उईकेला फुटबॉल पुलगावने दिला. तो मूळचा आष्टी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गोंड वस्तीतला. तिथे मुलं कबड्डी खेळायची, नाहीतर काहीच नाही. दहावी झाल्यावर काका आनंदराव यांनी त्याला पुलगावला आणलं. काका दारूगोळ्याच्या डेपोत मजूर होते आणि त्यांच्या खोलीपासून जवळच्या मैदानावर फौजी जवान संध्याकाळी खेळायचे. एखादा गडी कमी पडला की काठावर उभ्या असलेल्या कोणालाही ओढून आत घ्यायचे. सूरजला एकदा घेतलं आणि मग रोजच घ्यायला लागले. त्याचा डावा पाय असा चालायचा की समोरच्याला चेंडू कुठून गेला ते चेंडू गेल्यावर कळायचं.

१९९७ च्या हिवाळ्यात तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. काकांनी सांगून ठेवलं होतं की या वर्षी नोकरीचं काही दिसलं तर ठीक, नाहीतर वस्तीवर परत. त्यांची स्वतःची पोरं मोठी होत होती आणि खोली एकच होती. सूरजला नोकरीची एकच वाट दिसत होती. युनिव्हर्सिटीच्या संघात निवड झाली की ‘कलर’ हा मान मिळतो आणि कलर असलेल्याला भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर उभं राहता येतं. पण निवड करणारे नागपूरलाच बसत, आणि नागपूरला झोनमधला पहिला संघच जात असे. दुसऱ्या नंबरच्या संघातला पोरगा कितीही चांगला असला तरी त्याला कोणी पाहत नसे.

झोनमध्ये चार कॉलेजांचे संघ होते: पुलगाव, वर्धा, समुद्रपूर आणि आष्टी. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. सगळे सामने वर्ध्याच्या मैदानावर. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक. आष्टीचा संघ सगळ्यात कच्चा होता. निम्मी पोरं अनवाणी खेळायची. पुलगावने त्यांना सहा-शून्य हरवलं, त्यातले चार गोल सूरजचे. प्रत्येक गोलनंतर आष्टीचा गोलकीपर शालिक चेंडू आणायला स्वतः धावत जायचा आणि परत येताना सूरजकडे बघून हसायचा. चौथ्या गोलला म्हणाला, “पाहुन्या, घरी पोचवतं का मले आज?”

बाकीचे सामने मात्र असे झाले की कोणाचाच पाय कोणाच्या पुढे पडला नाही. पुलगावने समुद्रपूरला एक-शून्य हरवलं. समुद्रपूरने वर्ध्याला एक-शून्य. वर्ध्याने पुलगावला दोन-शून्य. वर्ध्याने आष्टीलाही दोन-शून्य हरवलं. राहिला एकच सामना, समुद्रपूर विरुद्ध आष्टी, गुरुवारी. समुद्रपूर जिंकणार हे सगळे धरून चालले होते. मग तिघांचे चार-चार गुण होणार होते.

पुलगाव कॉलेजचे खेळाचे शिक्षक पुंडलिकराव यांना नियम तोंडपाठ होते. त्यांनी पोरांना समजावून सांगितलं. दोघांचे गुण सारखे असले तर आपसात कोण जिंकलं ते बघतात. तिघांचे सारखे असले आणि तिघांनी एकमेकांना हरवलेलं असलं तर त्यातून काही निघत नाही, म्हणून मग एकूण किती गोल केले आणि किती खाल्ले, त्यातला फरक धरतात. पुलगावचा फरक पाचाचा, वर्ध्याचा तिनाचा. समुद्रपूरचा आजवर शून्य, म्हणजे त्यांना पुढे जायला आष्टीला सहा गोलांनी हरवावं लागणार. तेवढं होत नाही, सर म्हणाले. आपण नागपूरला जातो.

सोमवारी शालिक गेला. विहिरीवरची मोटर सुरू करताना शॉक लागून.

बातमी पुलगावला मंगळवारी पोचली. आष्टीच्या पोरांनी कळवलं होतं की दहावा होईपर्यंत कोणी खेळणार नाही. पुंडलिकराव वर्ध्याला जाऊन आले. तारीख पुढे जाईना, नागपूरला नाव शनिवारी द्यायचं होतं. आल्यावर त्यांनी सूरजला आणि कप्तान धर्मेंद्रला बोलावून सगळं सांगितलं. ठरलेले सामने जो संघ पुरे करत नाही तो स्पर्धेत नव्हताच असं समजतात, त्याचे झालेले सामनेही पुसून टाकतात. मग पुलगावचे सहा गोल गेले. वर्ध्याचा फरक उरतो अधिक एक, आपला उणे एक, समुद्रपूरचा शून्य. वर्धा नागपूरला.

धर्मेंद्रच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. त्याला नोकरीचं पडलं नव्हतं, हरण्याचा राग होता. तो सूरजला म्हणाला, “तुह्या भागातले लोक हायेत. तुह्या जातीचे. तू जाजो.”

पुंडलिकरावांनी खाली बघत सगळं नीट सांगितलं. सात पोरं उभी राहिली तरी सामना धरतात. पण नुसतं येऊन भागत नाही. ते जिंकले किंवा बरोबरी झाली तर समुद्रपूर मागे पडतं, मग आपण आणि वर्धा दोघंच उरतो आणि वर्ध्याने आपल्याला हरवलेलं आहे. “त्याइनं यायचं,” सर म्हणाले, “हरायचं, पण सहा गोलांनी नाही. एवढं सांगून येजो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “रीतीनं सांगजो बाबू. मयताचं घर हाये.”

सूरज बुधवारी पहिल्या एस.टी.ने निघाला. आर्वीला गाडी बदलली, आष्टीच्या पुढे उतरून शालिकच्या वस्तीपर्यंत चालत गेला. वाटेभर तो वाक्यं जुळवत होता. सांगायचं ते थोडंच होतं, पण कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी ‘हरा’ याच शब्दावर येऊन थांबायचं.

शालिकच्या घरी तिसऱ्या दिवसाचा विधी सकाळीच आटोपला होता. अंगणात माणसं बसली होती. आत बायांमधून एकच आवाज राहून राहून यायचा, तो आईचा असावा. संघातली पोरं मोहाच्या झाडाखाली होती, त्यांचा कप्तान जयवंता सूरजला पाहून उठला आणि त्याने त्याला शालिकच्या बापाजवळ, नत्थूजींजवळ, नेऊन बसवलं. नत्थूजींनी आधी गोंडीत गाव विचारलं, मग आडनाव, मग तुमच्या घराण्याचे देव किती. सूरजने सांगितलं. देव सारखे निघाले. म्हणजे दोन्ही घरं भाऊबंद. नत्थूजींनी आत हाक देऊन सांगितलं की शालिकचा भाऊ आला आहे, पुलगावहून. आतून भाकर आली, ती घरच्या माणसाला वाढतात तशी, न विचारता.

ते खाऊन झाल्यावर तोंड उघडणं अधिकच अवघड झालं. तरी त्याने पहिला अर्धा भाग सांगितला. उद्या सामना आहे, सातजण आले तरी चालतं, नाही आले तर आष्टीचं नावच स्पर्धेतून जाईल. जणू शालिक खेळलाच नव्हता. हे शेवटचं वाक्य त्याने वाटेत जुळवलं नव्हतं, आपोआप आलं.

जयवंता म्हणाला की दहाव्याआधी कसं जायचं, लोक काय म्हणतील. म्हातारी माणसं माना हलवत होती. मग नत्थूजी म्हणाले, “परका सांगता तं नाई म्हटलं असतं. घरचा भाऊच सांगून राह्यला. जा रे पोरहो. खेळून या.”

जयवंता त्याला सडकेपर्यंत पोचवायला आला. उरलेलं सांगायला हीच जागा होती. जयवंतानेच विषय काढला. आठजण जमतील, म्हणाला. दोघांना तर घरून सोडणार नाहीत.

“गोलात कोन?” सूरजने विचारलं.

“मीच उभा राह्यतो. मले येत नाई तसं.” जयवंता चालताना थांबला. “पन पोराइनं ठरवलं हाये. शालिकनं लय गोल खाल्ले बिचाऱ्यानं. उद्या एकबी बसू द्याचा नाई.”

सूरजने सडकेकडे पाहिलं. पाचापर्यंत चालतात, एवढंच म्हणायचं होतं.

“बरं,” तो म्हणाला.

एस.टी. आली आणि तो चढला. परतीच्या वाटेत त्याने स्वतःला समजावलं की न सांगताही तेच होणार आहे. आठ पोरं, त्यात गोलकीपर नवा. हरतीलच. आणि जयवंता एवढा मनावर घेतोय तर सहाही बसणार नाहीत. पुलगावला धर्मेंद्रने विचारलं, काम झालं का. येऊन राह्यले, सूरज म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

गुरुवारी दुपारी आठ पोरं वर्ध्याच्या मैदानात उतरली. पुलगावचा सगळा संघ रेषेबाहेर उभा होता. वर्ध्याचाही होता, पलीकडच्या बाजूला. विसाव्या मिनिटाला समुद्रपूरने गोल केला आणि सूरजला हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी त्याला दिसलं की जयवंता गोलात गुडघ्यांवर बसला आहे आणि दोघंजण त्याला काखेत हात घालून उठवत आहेत. सूरजने नजर काढून घेतली. पुंडलिकराव शेजारी पुटपुटत होते, एक ठीक आहे, दोन ठीक आहे, चारपर्यंत काही चिंता नाही.

त्यानंतर समुद्रपूरने जीव टाकून हल्ले केले. त्यांना अजून पाच हवे होते. आष्टीची आठही पोरं गोलसमोर गोळा झाली होती, चेंडू कोणाच्या छातीला लागायचा, कोणाच्या तोंडाला. मध्यंतर झालं तेव्हाही एक-शून्य. दुसऱ्या भागातही बराच वेळ तसंच चाललं. आणि मग जे झालं त्याचा विचार पुंडलिकरावांनीही केला नव्हता. थोडी मिनिटं उरली तेव्हा समुद्रपूरच्या पोरांना कळून चुकलं की आता पाच गोल होत नाहीत. एक-शून्यने जिंकून त्यांना काहीच मिळणार नव्हतं. त्यांचे पाय ढिले पडले. दोघं-तिघं कमरेवर हात ठेवून चालू लागले. मयताघरून आलेल्या पोरांना आणखी तुडवायची त्यांची इच्छाही नसावी.

आष्टीच्या एका अनवाणी पोराने मध्यातून चेंडू घेतला. त्याला कोणी अडवलं नाही. तो धावत गेला, धावत गेला आणि मारला.

एक-एक. शिट्टी झाली तेव्हाही एक-एक.

पलीकडून वर्ध्याची पोरं नाचत मैदानात आली, त्यांनी आष्टीच्या पोरांना उचलून घेतलं. आपल्याला का उचलत आहेत ते त्या पोरांना समजत नव्हतं. काहीजण हसत होते, दोघं रडत होते.

धर्मेंद्रने सूरजची कॉलर धरली नाही, पण तेवढ्याच जवळ आला. “तू सांगतलंच नाई का बे त्याइले?”

“नाई.”

“काऊन?”

धर्मेंद्र म्हणाला की चार शब्दांसाठी तुझं गाडीभाडं आम्ही वर्गणी करून दिलं होतं. आणखी कोणीतरी म्हणालं, आपल्या जातीवाल्यांची बाजू घेऊन आला. पुंडलिकरावांनी पिशवीत चेंडू भरला आणि बसची वेळ झाल्याचं सांगितलं. सूरजचं नाव नागपूरला कोणाच्या कानावर घालता आलं असतं का, हे ते पुढेही कधी बोलले नाहीत.

निघताना जयवंता गर्दीतून वाट काढत आला. ओठ फुटला होता. त्याने सूरजचे दोन्ही हात धरले. “तू आलता मनून झालं भाऊ हे,” म्हणाला. मग त्याला आठवलं. “आन तुमचं? तुमी नागपूरले जाता ना आता?”

पुलगावची पोरं दहा पावलांवर होती. धर्मेंद्र ऐकत होता.

“जातो,” सूरज म्हणाला.

“बेस झालं. शालिकच्या बापाले सांगतो मी.”

सूरज नागपूरला गेला नाही. परीक्षेनंतर काकांनी खोली सोडायला सांगितली. तो वस्तीवर गेला, वर्षभराने परत आला आणि पुलगावलाच मिळेल ते काम करत राहिला. कापसाच्या गिरणीत बदली कामगार, मग स्टेशनवर हमाली, मग डेपोच्या कुंपणालगतचं वाळलं गवत कापायचा ठेका. लग्न झालं, एक पोरगी झाली. भरतीचं वय केव्हाच निघून गेलं.

२००५ च्या हिवाळ्यात नत्थूजी त्याला शोधत आले. शालिकची धाकटी बहीण स्वीटी बारावी झाली होती, चांगली धावायची, पोलीस भरतीला उभी राहणार होती. पुलगावला आपला एक मोठा खेळाडू आहे, नागपूरपर्यंत खेळलेला, त्याची वर ओळख असेल, असं म्हाताऱ्याने घरी सांगितलं होतं. विचारत विचारत ते कुंपणापाशी पोचले तेव्हा सूरज ओळीत बसून विळा चालवत होता. त्याने म्हाताऱ्याला ओळखलं. म्हाताऱ्याला वेळ लागला.

दोघं बाभळीखाली बसले. सूरजने सांगितलं की त्याची वर कोणाशी ओळख नाही. नत्थूजींनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग कापलेल्या गवताकडे.

“तू तं नागपूरले गेलता ना?”

“गेलतो. तिथं निवड नाई झाली.”

आठ वर्षांपूर्वी दहाव्याआधी पोरं मैदानात पाठवली म्हणून वस्तीने नत्थूजींना पुष्कळ ऐकवलं होतं. हे त्यांनी आता पहिल्यांदा सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. मग म्हणाले, “आमच्या पोराइचा तुले काई उपेग नाई झाला मंग.”

“झाला ना, बाबा.”

“काय झाला?”

ठेकेदाराच्या माणसाने हाक मारली. सूरज उठला, ओळीतल्या आपल्या जागी जाऊन वाकला. मान वर केली तेव्हा नत्थूजी तिथेच बसले होते, गाडीला वेळ होता म्हणून. दुसऱ्यांदा मान वर केली तेव्हा नव्हते.